दीवानातले नाव : राज्य कशासाठी आणि कोणत्या रीतीचे?

ह. उमर (रजि.) यांनी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेतल्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. मदिनेबाहेरची रात्र, चुलीवर नुसत्या पाण्याचे पातेले, भोवती रडणारी भुकेली मुले, आणि अन्न शिजते आहे अशी त्यांची समजूत घालून त्यांना निजवू पाहणारी आई. खलीफा बैतुलमालमधून पीठ आणतात, सेवकाला ओझे उचलू देत नाहीत, स्वतः चूल फुंकतात. मुले जेवून झोपतात. गोष्ट ऐकणारी आपली मुलेही झोपतात, आणि मोठी माणसे उसासा टाकतात, "असा राज्यकर्ता आता कुठे मिळायचा?"

त्याच ह. उमर (रजि.) यांची आणखी एक गोष्ट रिवायतींत येते. ती घरांत तितकीशी सांगितली जात नाही. आम्हाला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते.

राज्याचे उत्पन्न वाढले तेव्हा त्यांनी लोकांची नावे एका नोंदवहीत लिहून घेण्याची पद्धत सुरू केली. हाच दीवान. कोणाला किती वार्षिक भत्ता द्यायचा हे त्या वहीवरून ठरे. मुलांनाही भत्ता होता, पण सुरुवातीला नियम असा होता की, मूल आईच्या दुधावरून सुटले की मगच त्याचे नाव लागेल. एकदा व्यापाऱ्यांचा काफिला मदिनेबाहेर उतरला होता. त्याच्यावर पहारा द्यायला स्वतः खलीफा आणि ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) गेले. रात्रभरात एका तान्ह्या बाळाचे रडणे त्यांच्या कानी पुन्हा पुन्हा आले. खलीफांनी आईला हटकले, की बाळाकडे लक्ष का देत नाहीस. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती वैतागून म्हणाली, की मी याला दूध तोडायला लावते आहे आणि तो ऐकत नाही. एवढी घाई का, असे विचारल्यावर तिने कारण सांगितले : उमर फक्त दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात. बाळ काही महिन्यांचेच होते.

त्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये खलीफांना रडू आवरेना, लोकांना त्यांची किराअत नीट ऐकू आली नाही. नमाजनंतर त्यांनी जाहीर केले, की मुलांना दुधावरून तोडण्याची घाई कोणी करू नये, यापुढे जन्मापासून भत्ता मिळेल. तसा हुकूम त्यांनी सर्व प्रांतांना लिहून पाठवला.

या गोष्टीत कोणी दुष्ट नाही. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला होता, आईही वाईट नव्हती. तिला घरात चार पैसे यायला हवे होते. तरीही राजधानीत बसून केलेला एक नियम पाळण्यापर्यंत पोहोचला आणि तान्ह्याच्या तोंडचे दूध तुटले. राज्य ही चीज किती आतपर्यंत येते, हे यापेक्षा साध्या शब्दांत क्वचितच सांगितले गेले असेल. पिठाच्या पोत्याच्या गोष्टीत एका कुटुंबाचे पोट एका रात्रीपुरते भरले. दुसऱ्या गोष्टीत नियम बदलला आणि ज्यांच्या दारावरून खलीफा कधीच गेले नाहीत, त्या बसऱ्यातल्या आणि कूफ्यातल्या मुलांपर्यंत तो बदल गेला.

प्रश्न मात्र उरतो. त्या रात्री खलीफा तिथे नसते तर? आणि रात्री गाढ झोपणारा, पहाऱ्याला कधीच न जाणारा राज्यकर्ता असेल तर त्या बाळाचे रडणे कोणाच्या कानी जाणार? राज्याच्या ज्या निरनिराळ्या रीती माणसाने आजवर करून पाहिल्या, त्या एका अर्थाने याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

घराला जे जमत नाही

आपले घर बरेच काही करू शकते. स्वयंपाक, मुलांचे संस्कार, आजारपणातली उठबस, लग्नकार्य, मयतीचे सोपस्कार. मोहल्ला मिळून त्यापुढचे थोडे करतो : मशिदीची दुरुस्ती, कब्रस्तानची भिंत, गरजूंना रमजानचे रेशन. पण धरणापासून नळापर्यंत पाणी आणणे एखाद्या घराला जमणारे नाही. साथ आली तर गावाच्या वेशीवर तिला थांबवणे जमत नाही. वजनमाप खरे आहे का, औषधात भेसळ आहे का, हे प्रत्येक ग्राहकाने तपासायचे म्हटले तर बाजारच बंद पडेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेजारचा धटिंगण जमिनीत दहा फूट पुढे सरकला तर त्याला मागे ढकलण्याची ताकद विधवेच्या घरात नसते. ती ताकद सर्वांनी मिळून कोणाकडे तरी सोपवावी लागते. सोपवलेली वस्तू म्हणून ती अमानत. कुरआनच्या सूरह निसामध्ये अमानती ज्यांच्या त्यांना सुपूर्द करण्याचा आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याचा आदेश एकाच आयतीत येतो. ही दोन्ही कामे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आपल्या मराठीत राज्यकारभाराचे शब्द पाहा. सरकार फारसीतून आले. कायदा, जिल्हा, तहसील, वकील, अर्ज, वसूल हे अरबीतून फारसीच्या वाटेने आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि पुष्कळ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी यातले बरेच शब्द लोकांच्या तोंडी राहिलेच. दिवाणी दावा म्हणतो तेव्हा ह. उमर (रजि.) यांची ती नोंदवही आपण नकळत उच्चारतो. पण या सगळ्यांत आम्हाला आवडणारा शब्द 'रयत'. त्याचे अरबी मूळ चारणीशी जोडलेले आहे. राखणदार ज्यांची राखण करतो ती रयत. प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या रयतेबद्दल विचारले जाईल, या अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. तिच्यात लोकांचा प्रमुख येतो, तसा घरातला पुरुष येतो, घर सांभाळणारी स्त्री येते, मालकाचा माल सांभाळणारा नोकरही येतो. म्हणजे हा शब्द मुळात राजाचा थाट सांगत नाही. त्याला जाब विचारला जाणार आहे, हे सांगतो.

तीस वर्षांत चार रीती

राज्याची एकच रीत दीनने ठरवून दिली आहे, असे ठासून सांगणारी मंडळी आपल्याला भेटतात. कोणी म्हणतो खिलाफत, कोणी म्हणतो बादशाही, कोणाला जम्हूरियत म्हणजे पश्चिमेची नक्कल वाटते. त्यांनी पहिल्या तीस वर्षांचा इतिहास शांतपणे पाहावा.

इ. स. ६२२ मध्ये हिजरतनंतर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिनेत जो करारनामा केला, त्यात मुहाजिर, अन्सार आणि यहुदी टोळ्या यांनी शहराचे रक्षण मिळून करायचे, प्रत्येकाने आपापला धर्म पाळायचा आणि तंटा झाल्यास निवाड्यासाठी कोणाकडे जायचे, हे ठरले. तो अनेक गटांमधला करार होता. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर सकीफा बनी साइदा येथे वाद झाला, चर्चा झाली आणि ह. अबू बक्र (रजि.) यांच्या हातावर बैअत झाली. आपण बरोबर असलो तर साथ द्या, चुकलो तर सरळ करा, या आशयाचे त्यांचे पहिले भाषण प्रसिद्ध आहे. दोन वर्षांनी त्यांनी अखेरच्या आजारात सहकाऱ्यांचा सल्ला घेऊन ह. उमर (रजि.) यांचे नाव सुचवले. ६४४ मध्ये ह. उमर (रजि.) यांच्यावर खंजिराचा हल्ला झाला, तेव्हा त्यांनी सहा जणांची समिती नेमली आणि आपल्यातला एक निवडा असे सांगितले. मुलगा अब्दुल्लाह यांना सल्ल्यापुरते बसू द्या, पण खलीफा करू नका, असे त्यांनी बजावले होते. त्या समितीच्या वतीने ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदिनेत फिरले, लोकांची मते विचारली, आणि ह. उस्मान (रजि.) यांची निवड झाली. ६५६ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर त्या गोंधळातच मदिनेतील लोकांनी ह. अली (रजि.) यांना बैअत केली.

सभेतली निवड, आधीच्याने सुचवलेले नाव, समिती, आणि संकटात लोकांनी धरलेला आग्रह. चार वेळा चार रीती. आमच्या शिया बंधूंची श्रद्धा यात वेगळी आहे. इमामत हा माणसांच्या निवडीचा विषय नाही, असे ते मानतात, आणि त्या श्रद्धेचा आदर राखूनच आम्ही हे लिहीत आहोत. पण घटना म्हणून पाहिले तर एवढे दिसते, की सल्लामसलत, म्हणजे शूरा, हे तत्त्व समोर होते. तिचा साचा मात्र ठरलेला नव्हता.

आणि याच काळाची कमजोरीही तिथेच दिसते. निवडायचे कसे याची उत्तरे मिळाली. नको असलेल्याला रक्त न सांडता खाली कसे उतरवायचे, याचे उत्तर मिळाले नाही. ह. उमर, ह. उस्मान आणि ह. अली (रजि.) तिघेही मारेकऱ्यांच्या हातून शहीद झाले. ६६१ नंतर सत्ता दमिश्कला गेली, अमीर मुआविया यांनी आपल्या पश्चात मुलगा यजीद यासाठी बैअत घेतली, आणि पुढे शेकडो वर्षे बापानंतर मुलगा किंवा भाऊ हीच रीत रूढ झाली. करबला त्याच वळणावर घडले, ६८० मध्ये.

तीन पिढ्यांचा हिशेब

राजघराणी का चढतात आणि का बुडतात, याचा उलगडा ज्याने केला तो इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्यूनिसला जन्मला आणि १४०६ मध्ये काहिऱ्यात वारला. तो दरबारात चिटणीस होता, तुरुंगात राहिला, काहिऱ्यात काझी झाला, तिथून पुन्हा पुन्हा काढला गेला आणि पुन्हा पुन्हा नेमला गेला. राज्यकारभार त्याने आतून पाहिलेला होता. 'मुकद्दिमा' या ग्रंथात त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की टोळीतली एकजूट, जिला तो असबिया म्हणतो, ती एखाद्या घराण्याला गादीवर बसवते. पहिली पिढी कष्टाची असते, दुसरीला कष्टांची आठवण असते, तिसरीला फक्त मेजवान्या ठाऊक असतात. मग नवी टोळी येते. साधारण तीन पिढ्या, एकशेवीस वर्षे, असा त्याचा अंदाज.

कराबद्दल त्याने लिहिलेले आजही अर्थशास्त्रात शिकवले जाते. राज्य नवे असते तेव्हा कराचे दर कमी आणि वसुली जास्त असते. राज्य उतरणीला लागते तेव्हा दर जास्त आणि वसुली कमी. कारण मेहनतीचे फळ हातून जाते असे दिसले की माणूस मेहनतच सोडतो. लोकांचा माल हिसकावणे एवढाच जुलूमचा अर्थ तो घेत नाही. विनामोबदला काम करून घेणे, माल जबरदस्तीने स्वस्तात उचलणे, हेही तो जुलूमच मानतो, आणि वस्ती उजाड होण्याचे कारण तिथेच शोधतो.

तो कोरडा माणूस होता. राजे सुधारावेत म्हणून त्याने गोष्टी सांगितल्या नाहीत. गादी ज्या रीतीने चालते त्या रीतीतच तिचा शेवट आहे, एवढे त्याने दाखवले.

आपल्या दख्खनमध्ये याचे उदाहरण आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वकील आणि पेशवा झाला. गादीवर निजामशहा, कारभार मलिक अंबरचा. नावाची राजेशाही, पण राजघराण्यात न जन्मलेला माणूस राज्य चालवतो आहे. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून त्याने शहरात आणले आणि ती नहर-ए-अंबरी विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली. वसुलीची मक्तेदारी मोडून जमिनीची मोजणी आणि प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्राच्या इतिहासात नावाजलेली आहे. पण १६२६ मध्ये तो गेला आणि दहा वर्षांच्या आत, १६३६ मध्ये, निजामशाही संपली. नहर दगडमातीची होती म्हणून तीनशे वर्षे टिकली. कारभार एका माणसाच्या हुशारीवर उभा होता, तो त्याच्याबरोबर गेला.

"तिकडे बघा, कसं सगळं नीट"

कोकणात रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस आखातात असतो. सुट्टीवर आला की जेवताना विषय निघतोच. तिकडे रस्ते कसे, दवाखाने कसे, कचेरीत काम पाच मिनिटांत कसे होते. "निवडणूक नाही, मोर्चे नाहीत, तरी सगळं कसं नीट चालतं!" म्हातारी माणसे मान हलवतात. हे बोलणे आम्ही उडवून लावणार नाही. कचेरीत पाच मिनिटांत काम होणे ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे एका उताऱ्यासाठी चार खेपा घालणाऱ्या माणसाला तिची किंमत विचारा.

पण त्याच माणसाला पुढचा प्रश्न विचारून पाहावा. पंधरा-वीस वर्षे तिथे राबलास, तुला पटला नाही असा नियम आला तेव्हा कोणाकडे गेलास? बहुतेक वेळा उत्तर 'कोणाकडेच नाही' असे असते. व्हिसा संपला की परत यायचे. संयुक्त अरब अमिराती हा १९७१ मध्ये झालेला संघ, आज सात अमिरातींचा आहे. प्रत्येक अमिरातीत वंशपरंपरेने अमीर आहे आणि लोकसंख्येत बहुसंख्य लोक परदेशी आहेत. सौदी अरेबियात १९३२ पासून राजसत्ता आहे. संस्थापक राजे अब्दुल अजीज १९५३ मध्ये वारले, त्यानंतरचे सर्व राजे त्यांचेच पुत्र. तिथे दीडशे सदस्यांची मजलिस-ए-शूरा आहे, २०१३ पासून तिच्यात स्त्रियाही आहेत, पण सर्वांची नेमणूक राजा करतो आणि ती सल्ला देते. कुवेतने वेगळी वाट धरली होती. १९६३ पासून निवडून आलेली सभा, तीही मंत्र्यांना उभे करून प्रश्न विचारणारी. २००५ मध्ये तिथल्या स्त्रियांना मत मिळाले. मे २०२४ मध्ये अमीरांनी ती सभा बरखास्त केली आणि घटनेतील काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. देणाऱ्याच्या मर्जीने मिळालेला हक्क त्याच्याच मर्जीने थांबतो.

नावावरून तर काहीच ठरत नाही. पाकिस्तानने १९५६ मध्ये इस्लामी जम्हूरिया हे नाव घेतले आणि १९५८ मध्ये तिथे लष्करी कायदा लागू झाला. इराणमध्ये १९७९ पासून राष्ट्राध्यक्ष आणि मजलिस निवडून येतात, पण निवडणुकीला कोण उभे राहू शकेल हे बारा जणांचे पालक मंडळ ठरवते आणि सर्वांच्या वर रहबर असतात. मलेशियाचे राज्य मात्र गमतीचे आहे. तिथे नऊ राजघराण्यांचे प्रमुख आहेत. ते आपल्यातून एकाला पाच वर्षांसाठी राजा निवडतात, मग पाळी पुढच्याकडे जाते. राजा आहे, पण मुदतीचा! कारभार संसदेला जबाबदार असलेला पंतप्रधान पाहतो.

जगात सर्वाधिक मुस्लिम ज्या देशांत राहतात त्यांत इंडोनेशिया अग्रभागी आहे. तिथे जे घडले ते मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. जून १९४५ मध्ये स्वातंत्र्याची तयारी चालू असताना घटनेच्या मसुद्यात एक वाक्य आले होते. मुस्लिमांना शरीयत पाळणे बंधनकारक राहील, या अर्थाचे इंडोनेशियन भाषेतले सात शब्द. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झाले. पूर्वेकडच्या ख्रिस्ती वस्तीच्या बेटांना हे शब्द मान्य नाहीत, ती वेगळी होतील, असा निरोप मोहम्मद हत्ता यांना मिळाला. हत्ता सुमात्राच्या धार्मिक घराण्यातले होते. १८ ऑगस्टच्या सकाळी ते मुस्लिम नेत्यांशी बोलले. मुहम्मदिया या मोठ्या संघटनेचे की बागुस हादिकुसुमो यांना ते शब्द हवे होते. शेवटी त्यांनी होकार दिला, सात शब्द काढले गेले आणि त्या जागी एकमेव ईश्वरावरील श्रद्धा हे तत्त्व राहिले. या निर्णयावर तिथे आजही वाद होतो. बहुसंख्येने असूनही त्यांनी थोडक्यांची भीती ऐकली, यात आम्हाला दुबळेपणा दिसत नाही. मदिनेच्या करारनाम्याची आठवण मात्र होते.

एवढी चांगली सुरुवात होऊनही त्या देशाला सुहार्तोंची बत्तीस वर्षे सोसावी लागली. कागदावर तीच १९४५ ची घटना होती, निवडणुकाही होत, फक्त निकाल आधीच ठाऊक असे. १९९८ मध्ये ते गेले. त्यानंतर तिथल्या लोकांनी घटना दुरुस्त करून राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांच्या दोनच मुदती ठेवल्या, आणि २००४ पासून त्याची निवड थेट मतदानाने होऊ लागली. रक्त न सांडता राज्यकर्त्याला खाली उतरवण्याचे जे उत्तर सकीफाच्या काळात कोणाला सापडले नव्हते, ते हेच आहे : ठरलेली मुदत, आणि मुदत संपल्यावर घरी जाणे.

अमक्याची आई

आपल्या देशात ही रीत ठरवायला घटना समिती ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिल्यांदा बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. त्या सभागृहात बेगम ऐजाज रसूल होत्या. समितीच्या कामात बसलेल्या त्या एकट्याच मुस्लिम स्त्री. धर्माच्या आधारे राखीव जागा ठेवल्या तर अल्पसंख्य कायमचे वेगळे पडतील, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी सभागृहात ठामपणे मांडले. त्यांचे बरोबर होते की नाही, यावर आपल्या घरांत दोन मते निघतील. निघावीत. पण पुरुषांनी भरलेल्या सभेत उभे राहून त्या बोलल्या, हे आपल्या मुलींना ठाऊक असायला हवे.

इंग्रजी अमदानीत मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांनाच मत होते. नव्या घटनेने ते सर्व प्रौढांना दिले. पण मत देण्यासाठी यादीत नाव लागते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी सुमारे सव्वासतरा कोटी मतदारांच्या याद्या झाल्या. त्या करताना, प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्यांत, असंख्य बायकांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. यात दुष्टपणा नव्हता, त्या काळची रीतच तशी होती. पण परिणाम काय झाला? त्यांचे रडणे ऐकू जाण्याची जी एक सोय देशाने केली होती, तिच्याबाहेर त्या राहिल्या. दीवानात नाव नसलेले मूल आणि यादीत नाव नसलेली आई, दोघांची अवस्था सारखीच.

आज आपल्या घरांतल्या बायका नाव सांगतात. अडचण आता वेगळी आहे. शाळेच्या दाखल्यावर फातिमा बी, रेशन कार्डावर फातेमाबी, आधारवर फातमा शेख. लग्नानंतर कोणी सासरचे आडनाव लावते, कोणी वडिलांचेच ठेवते. निकाहनाम्यावर उर्दूत तिसरेच काही. कागद तपासणाऱ्या कारकुनासाठी या तीन वेगळ्या बायका आहेत. मतदार यादीत नवे नाव नोंदवण्यासाठी नमुना ६ आणि दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा असतो. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, पहिली जानेवारी, पहिली एप्रिल, पहिली जुलै आणि पहिली ऑक्टोबर, त्यामुळे मुलीला वर्षभर थांबावे लागत नाही. लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचे नाव माहेरी तसेच राहते किंवा कधीतरी कटते, आणि सासरी कोणी लावत नाही. पाहुण्यांच्या यादीतली दोनशे नावे बिनचूक लिहिणाऱ्या घरात हा एक अर्ज मात्र राहून जातो.

आणखी एक सवय. गटार तुंबले की आमदाराकडे जायचे, पाणी आले नाही की खासदाराला शिव्या द्यायच्या. गटार आणि पाणी गावात ग्रामपंचायतीचे, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेचे काम. जमिनीचा उतारा आणि रेशन राज्याच्या खात्यांकडे, पासपोर्ट केंद्राकडे. आपल्या देशाने सत्ता अशी तीन मजल्यांत वाटली आहे, आणि खालचा मजला १९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पक्का झाला. महाराष्ट्रात २०११ पासून या खालच्या मजल्यावर निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यामुळे आपल्या वस्त्यांतूनही सरपंच आणि नगरसेविका झालेल्या बायका दिसतात. त्यांच्या जागी नवराच खुर्चीत बसतो, अशी तक्रार असते आणि पुष्कळदा ती खरीही असते. पण दुसऱ्या मुदतीला तीच बाई फाईल स्वतः वाचू लागते, हेही पाहण्यात आहे.

ग्रामसभा ही तर शूराची सर्वांत जवळची सोय. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. तिथे निवडून येण्याची अट नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ती भरवण्याची रीत आहे, आणि कायद्याने ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते. कोणत्या वस्तीत बोअर मारायची, घरकुलाच्या यादीत कोण, अंगणवाडीची खोली कुठे, हे तिथे बोलता येते. शहरात ग्रामसभा नाही, पण माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्याने साध्या कागदावर दहा रुपये शुल्क लावून विचारलेल्या प्रश्नाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखले किती दिवसांत द्यायचे याची मुदतही प्रत्येक कचेरीत लावलेली असायला हवी. अनेक कचेऱ्यांत तो फलक कपाटामागे असतो. तो बघायला मागावा.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते. त्यानंतर उशीर शुल्क लागते आणि वर्ष उलटल्यावर वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. दवाखान्यात बाळंतपण झाले तर नोंद दवाखाना पाठवतो, घरी झाले तर घरच्यांनी करायची. अकीक्याला बाळाचे जे नाव ठेवू, ते त्याच अक्षरांत, आईच्या नावासह आणि तिच्या आधारवरच्या स्पेलिंगसह, त्या दाखल्यावर चढवून घ्यावे.